दहा इंची रुगर फ्लॅटटॉप: पारख, खरेदी आणि पहिला बार

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका वाचकांना शेजारच्या राज्यातून रुगर कंपनीचं एक जुनं रिव्हॉल्व्हर, रुगर ब्लॅकहॉक, मिळतं आहे. .४४ मॅग्नम या जबर काडतुसाचा, ‘फ्लॅटटॉप’ घडणीचा, दहा इंची नळीचा. विकणारा म्हणतो, शिकारीसाठी घेतला होता, फारसा वापरला नाही. हा अस्सल आहे हे कसं ओळखायचं, रीतसर कसा घ्यायचा, आणि हातात आल्यावर त्यातून गोळी झाडायची की नाही?

माझं मत आधीच सांगून टाकतो. विकणाऱ्याच्या तोंडी इतिहासाला मी किंमत देत नाही. हत्यारावर जे दिसतं, मोजता येतं आणि कागदावर सापडतं, तेवढंच खरं धरतो. चाचणीचा बार हा त्याच पारखीचा शेवटचा भाग आहे. मॅग्नमचा धडाका अनुभवायची हौस त्यात मिसळली की हत्याराचंही नुकसान होतं आणि माणसाचंही होऊ शकतं.

हे हत्यार नेमकं काय आहे ते थोडं बघू, कारण पारखीचे सगळे मुद्दे तिथूनच निघतात. १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसनने .४४ मॅग्नमचं पहिलं रिव्हॉल्व्हर तयार केलं. आयडाहोतला शिकारी आणि लेखक एल्मर कीथ कित्येक वर्षं .४४ स्पेशलची काडतुसं भारी दारूने भरून वापरत होता आणि कारखान्यांनी असं काडतूस काढावं म्हणून मागे लागला होता. रेमिंग्टन या काडतूस-कंपनीने ते काढलं. कनेटिकटमधल्या साउथपोर्टची रुगर कंपनी तेव्हा नवखी होती, पण तिने १९५६ मध्येच आपला .४४ ब्लॅकहॉक बाजारात आणला. आधीच्या .३५७ ब्लॅकहॉकची चौकट या काडतुसाला अपुरी पडली, म्हणून चौकट आणि सिलिंडर दोन्ही मोठे करावे लागले. किंमत शंभर डॉलरच्या आत होती, स्मिथपेक्षा बरीच कमी. साध्या शिकाऱ्याला परवडेल असं पहिलं .४४ मॅग्नम हेच, आणि मला या हत्याराबद्दल जे प्रेम वाटतं त्याचं निम्मं कारण तेच आहे.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मॉडेल बंद झालं. एकूण नग तीस हजारांच्या आतले. बहुतेक साडेसहा इंची. साडेसात आणि दहा इंची नळीचे मोजकेच निघाले. संग्राहक प्रत्येकी हजार-दीड हजार नगांच्या घरातला आकडा धरतात. चौकटीची वरची पट्टी सपाट, नेम धरायच्या मागच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना संरक्षक कान नाहीत, म्हणून नाव फ्लॅटटॉप. १९५९ मध्ये आलेल्या सुपर ब्लॅकहॉकला ते कान आहेत, सिलिंडरवर खोबणी नाहीत आणि चापाची कडी मागून चौकोनी आहे. हे तीन फरक डोळ्यांत पक्के बसू द्या. फोटोत सिलिंडर गुळगुळीत, बिनखोबणीचा दिसला तर तो सिलिंडर दुसऱ्या हत्याराचा आहे, पुढे बोलायचं कारण नाही.

आता खरी मेख. साडेसहा इंची फ्लॅटटॉप आणि दहा इंची फ्लॅटटॉप यांच्या किमतीत मोठी दरी आहे, आणि दोघांत फरक फक्त नळीचा. नळी आट्यांवर फिरवून काढता येते, दुसरी बसवता येते. पुढच्या काळात रुगरने सुपर ब्लॅकहॉक साडेदहा इंची नळीतही विकला. ती नळी जुन्या चौकटीवर चढवली आणि तोंडाकडून अर्धा इंच कापली की ‘दुर्मिळ’ दहा इंची तयार. म्हणून पहिलं काम म्हणजे नळी वाचणं.

रिव्हॉल्व्हरची नळी मोजतात ती तोंडापासून सिलिंडरसमोरच्या मागच्या टोकापर्यंत. चौकटीच्या आत गेलेला आट्यांचा भाग त्यात धरायचा, सिलिंडर धरायचा नाही. विकणाऱ्याला मोजपट्टी लावून फोटो पाठवायला सांगा. मग नळीवरचा ठसा. साउथपोर्टचा पत्ता असेल तो ठीक. पण ‘वापरण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतल्या सूचना वाचा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ नळीवर कोरलेली दिसली, तर नळी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची. ही सूचना फ्लॅटटॉपच्या काळात रुगरच्या नळ्यांवर नव्हतीच. ती ओळ कुणी घासून काढली असेल, तर त्या जागी नळीची गोलाई किंचित बसलेली दिसते. नळी खिडकीच्या उजेडात आडवी धरून सावकाश फिरवा. पृष्ठभागावरून सरकणारी उजेडाची रेघ अस्सल नळीवर सरळ जाते, घासलेल्या जागी लचकते.

तोंडाकडे भिंग लावून बघा. कारखान्याची कड एकसारखी गोलसर असते आणि काळसर निळा मुलामा कडेवरून आत वळलेला असतो. कापून पुन्हा घडवलेल्या तोंडावर कानशीच्या किंवा लेथच्या बारीक रेघा सापडतात, आणि तिथल्या मुलाम्याचा रंग बाकी नळीपेक्षा वेगळा पडतो. समोरच्या माशीचा, म्हणजे नेम धरायच्या टोकाचा, पायाही बघा. माशीपासून तोंडापर्यंतचं अंतर इतर अस्सल लांब नळ्यांच्या फोटोंशी ताडून पाहावं. नळी कापली की हे अंतर कमी होतं, आणि माशी पुन्हा बसवली तर जोडाच्या जागी खूण राहतेच.

सिरीयल नंबर चौकटीवर असतो. तो देऊन कंपनीकडून पत्र मागवता येतं: हे हत्यार कारखान्यातून कधी आणि कोणत्या रूपात निघालं. थोडे पैसे आणि थोडा वेळ जातो, पण या किमतीच्या वस्तूला हे पत्र हवंच. विकणारा पत्र येईपर्यंत थांबायला तयार नसेल, तर मी व्यवहार सोडून देतो. घाई नेहमी एकाच बाजूची असते, आणि ती घेणाऱ्याची कधीच नसते.

पत्राने चौकटीचा प्रश्न सुटतो, बाकीच्या भागांचा सुटत नाही. मुठीच्या लाकडी किंवा काळ्या रबरी पट्ट्या काढून आत बघायला मिळालं पाहिजे. मुठीची चौकट ॲल्युमिनियमची असते आणि आतल्या बाजूला ‘एक्सआर३’ असं ओतलेलं दिसतं. ‘एक्सआर३-रेड’ असेल तर ती नंतरच्या घडणीची, म्हणजे बदललेली. स्क्रूच्या खाचा बघा. कडा फाटलेल्या, खरवडलेल्या खाचा म्हणजे कुणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातलेला आहे. एका स्क्रूने व्यवहार मोडत नाही, पण मग आत काय केलं हे विचारावं लागतं.

रंगाबद्दल एक गोष्ट, कारण नवखे इथे हमखास फसतात. जुन्या रुगरच्या चौकटीचं, विशेषतः काडतूस भरायच्या झडपेचं पोलाद ओतीव असल्यामुळे त्यावरचा निळा मुलामा वर्षांनुवर्षांत जांभूळसर होतो. नळी काळीनिळी आणि चौकट जांभळी अशी जोडी बघून लोकांना वाटतं, भाग बदललेले आहेत. उलट आहे. ती जांभूळ छटा अस्सलपणाची खूण आहे आणि संग्राहक ती आवडीने शोधतात. सगळंच एकसारखं गडद निळं, चकचकीत, आणि त्यासोबत अक्षरांच्या कडा बुजलेल्या, स्क्रूच्या भोकांच्या कडा वाटीसारख्या खोलगट, असं दिसलं तर तो पुन्हा पॉलिश करून चढवलेला मुलामा आहे. संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहूनही खाली.

आता घोड्याकडे या. ही घडण जुनी, तीन स्क्रूंची, कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरची. १९७३ च्या ‘न्यू मॉडेल’मध्ये घोडा आणि काडतुसाला ठोकणारी पिन यांच्यामध्ये एक पट्टी आली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती पूर्ण वर येत नाही, त्यामुळे हत्यार पडलं तरी बार होत नाही. फ्लॅटटॉपमध्ये ही सोय मुळात नाही. १९८२ पासून रुगर जुन्या हत्यारांत अशी पट्टी फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत करते. शिकारीच्या हत्याराला हा बदल मी मनापासून सुचवीन. दुर्मिळ हत्याराचं मोल मात्र बदलामुळे घटतं, निदान मूळ भाग सोबत नसतील तर. बदल झालाय का ते कळणं सोपं आहे. रिकामं असल्याची खात्री करून घोडा मागे ओढा आणि चौकटीच्या खाचेत बघा. पिनसमोर वर येणारी पोलादी पट्टी दिसली आणि घोड्याच्या तोंडाला पायरी असली, तर बदललेलं. मागे ओढताना चार वेगवेगळ्या टिचक्या ऐकू आल्या तर सहसा मूळ.

यांत्रिक तब्येत तपासायला दहा मिनिटं पुरतात. सिलिंडरच्या सहाही घरांत काही नाही हे डोळ्यांनी आणि करंगळीनेही बघा. मग सिलिंडरला बोटाचा हलका अडसर लावून घोडा अगदी सावकाश मागे न्या. घोडा शेवटच्या खाचेत बसेपर्यंत सिलिंडर खटकन अडकलेला हवा. सहाही घरांना हे वेगवेगळं करा, कारण झीज एकाच घराच्या दातावर असू शकते. घोडा मागे असताना सिलिंडर डावीकडे-उजवीकडे किती हलतो, पुढे-मागे किती सरकतो ते बघा. आडवी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे ठणठण वाजत असेल तर या हत्याराने खूप मॅग्नम पचवलेली आहेत आणि ‘फारसा वापरला नाही’ हे बोलणं तिथेच संपतं. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा. इंचाचे चार ते आठ हजारांश असेल तर निश्चिंत. नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे गोळी शिरते तिथे, उजेड टाकून बघा. पोलाद करपून खवल्यांसारखं झालं असेल किंवा चौकटीच्या वरच्या पट्टीवर फटीच्या अगदी वर खोल चर पडला असेल, तर भारी भरणीची काडतुसं वापरली गेली आहेत.

सिलिंडरवरची गोल रेघ मात्र वापराचा पुरावा मानू नका. या जुन्या घडणीत अर्ध्या खाचेवरून (घोडा अर्धा मागे अडकतो तिथून) घोडा थेट खाली सोडला की खालचा अडकणा दोन खाचांच्या मधे सिलिंडरवर टेकतो आणि पुढच्या फिरकीत ओरखडा काढतो. एकही गोळी न झाडता, नुसतं पाहुण्यांना दाखवून दाखवून ही रेघ उमटते. तुम्ही स्वतः हाताळताना अर्ध्या खाचेवरून नेहमी घोडा पूर्ण मागे नेऊनच खाली उतरवा.

कायद्याकडे वळतो. इथे आपल्या लोकांची गल्लत होते म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही नागरिक असाल किंवा ग्रीन कार्डवर असाल तर केंद्राच्या कायद्याची आडकाठी नाही. एच-१बी किंवा एफ-१ सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर बंदूक किंवा काडतूस बाळगणंच सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो परवाना संपला की अपवादही संपतो, हत्यार कपाटात असलं तरी. म्हणून तारीख लक्षात ठेवा. आणि कुणी मित्र ‘तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो’ म्हणाला तर साफ नाही म्हणा. फॉर्म ४४७३ वर, म्हणजे विक्रेत्याकडे भरायच्या केंद्र सरकारच्या फॉर्मवर, खरा खरेदीदार कोण हे सहीनिशी लिहून द्यावं लागतं आणि तिथलं खोटं हा केंद्रीय गुन्हा आहे. ओळखीचा, नात्याचा, गावचा, काही फरक पडत नाही.

हत्यार दुसऱ्या राज्यात आहे, त्यामुळे गाडी काढून जाऊन पैसे देऊन घेऊन येणं चालणार नाही. परराज्यातून हातबंदूक घ्यायची तर ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे आली पाहिजे. तिथे फॉर्म भरायचा, पार्श्वभूमी तपासली जाते, मग ताबा मिळतो. दुसरी वाट संग्राहकाच्या परवान्याची. पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ अवस्थेतलं हत्यार ‘क्युरिओ अँड रेलिक’ या वर्गात बसतं, आणि फ्लॅटटॉप त्यात आरामात बसतो. या परवान्याची फी तीन वर्षांना तीस डॉलर आहे. तो असला की अशी हत्यारं परराज्यातून थेट घरच्या पत्त्यावर घेता येतात, जर तुमच्या राज्याचा कायदा आड येत नसेल तर. प्रत्येक खरेदी-विक्रीची नोंद वहीत करावी लागते. हा परवाना धंद्यासाठी नाही, घेऊन लगेच विकत राहिलात तर अडचणीत याल. ‘मूळ अवस्थेतलं’ या शब्दांकडे लक्ष असू द्या: नळी कापून-बदलून बनवलेला नग इथेही गोत्यात आणतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांचे आपापले नियम वर आहेतच. तुमच्या गावच्या विक्रेत्याला आधी फोन करा, पैसे नंतर पाठवा.

पैसे पाठवताना तीन दिवसांची तपासणीची मुभा लेखी घ्या: हत्यार विक्रेत्याकडे आल्यावर न झाडता तपासायचं, पसंत नसेल तर परत. बहुतेक जाणते विकणारे हे मान्य करतात.

आता झाडायचं की नाही. खोका, कागद, कारखान्याचं पत्र आणि रेघ न उमटलेला सिलिंडर, असा नग असेल तर झाडू नका. कारखान्यात त्यातून चाचणीचे बार निघालेलेच असतात, त्यामुळे ‘चालतं का’ हा प्रश्नच नाही. त्याचं मोल त्याच्या न वापरलेपणात आहे आणि ते एकदा गेलं की परत येत नाही. पण वाचकांनी पाठवलेल्या वर्णनात मुठीवरचा काळा थर झिजून चांदीसारखं ॲल्युमिनियम उघडं पडलंय, सिलिंडरला रेघ आहे, खोका नाही. असं हत्यार पाच-पन्नास बारांनी कमी मोलाचं होत नाही. ते शिकाऱ्यासाठी बनलं होतं आणि मेहनतीने बनलं होतं. ते चालतं ठेवणं हाही त्याचा मान आहे, असं मी मानतो. फक्त बेताने.

काडतुसांचा बेत आधी. .४४ मॅग्नमच्या घरात .४४ स्पेशल बसतं, कारण तोंडाचा व्यास तोच आणि कवच साधारण अष्टमांश इंचाने आखूड. अमेरिकन उद्योगाच्या मानकाप्रमाणे स्पेशलचा कमाल दाब १५,५०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), मॅग्नमचा ३६,०००. म्हणजे अर्ध्याहूनही कमी. सुरुवात नेहमी स्पेशलने. पुढे मॅग्नमवर गेलात तर २४० ग्रेन वजनाच्या गोळीची साधी, नावाजलेल्या कारखान्याची काडतुसं. भारी भरणीच्या काही खोक्यांवर ‘फक्त रुगर रिव्हॉल्व्हरसाठी’ अशा अर्थाचा इशारा छापलेला असतो. तो वाचून भुलू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर नंतरची जाडजूड मॉडेलं आहेत, १९५० च्या दशकातला फ्लॅटटॉप नाही. आणि हत्यारासोबत विकणाऱ्याने दिलेली, कुणी घरी भरलेली जुनी काडतुसं झाडायची नाहीत. त्यात काय किती भरलंय हे फक्त भरणाऱ्याला माहीत.

रेंजवर जाण्याआधी नळी आणि सहाही घरं कापडाने पुसून कोरडी करा. साठवणीचं ग्रीस नळीत राहिलं तर दाब वाढतो. नळीतून उजेडाकडे बघा. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. दहा इंची नळीतूनही मॅग्नमचा आवाज कान कायमचा अधू करू शकतो. चष्मा तुम्हाला आणि बघणाऱ्यांनाही. सिलिंडर आणि नळीच्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण आडवे उडतात. म्हणून दुसरा हात फटीच्या पुढे कधीही येऊ द्यायचा नाही आणि कुणालाही बाजूला, फटीच्या रेषेत उभं राहू द्यायचं नाही. प्रेक्षक मागे.

भरण्याची पद्धत पाठ करा. मूळ घडणीत खाली उतरलेला घोडा काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या, ठोकल्यावर पेटणाऱ्या टोपीवर) टेकलेल्या पिनवरच बसतो. हत्यार हातातून पडलं आणि घोड्यावर आपटलं की बार. म्हणून यात पाचच भरायची. घोडा अर्ध्या खाचेवर, झडप उघडा, एक भरा, एक घर सोडा, चार भरा, झडप बंद, घोडा पूर्ण मागे नेऊन अंगठ्याने सावकाश खाली. रिकामं घर आपोआप घोड्याखाली येतं. घोडा उतरवताना तोंड रेंजकडेच. हत्यार नव्या मालकाकडे गेलं आणि त्यात ती पट्टी बसवलेली नाही असं कळलं, की हे पाच काडतुसांचं बंधन मी त्या मालकाकडून तोंडपाठ म्हणवून घेतो. या जुन्या घडणीमुळे लोकांचे पाय गेले आहेत, जीवही गेले आहेत.

पहिल्या खेपेला एकच काडतूस. वाळूच्या पिशवीवर नळी ठेवायची नाही, मनगटं किंवा मुठीखालची चौकट टेकवायची. नळी टेकवली तर हत्यार उसळून गोळी वर जाते, आणि फटीतला वायू पिशवीचं कापड फाडून वाळू उडवतो. फटीच्या दोन्ही बाजूंना, हाताला लागणार नाही असा, पांढरा पुठ्ठा उभा करा. बार झाल्यावर पुठ्ठ्यावर काजळीची एकसारखी फुंकर दिसली तर ठीक. एका बाजूला शिशाचे चमकते कण टोचलेले दिसले तर ते घर नळीच्या रेषेत नीट येत नाही, गोळीची कड सोलली जाते आहे.

सहाही घरांवर मेणाच्या पेन्सिलीने आकडे घाला आणि एकेका घरातून एक बार असा पहिला फेरा करा. प्रत्येक कवचावर त्याच घराचा आकडा लिहा. मग ती सहा कवचं टेबलावर ओळीने मांडा. पिनचा ठसा प्रायमरच्या मध्यभागी आहे का? एका घराचा ठसा सतत एकाच बाजूला सरकलेला असेल, तर ते घर वेळेवर नळीसमोर येत नाही. कवच बोटाच्या दाबाने बाहेर येतं का, की दांडा ठोकावा लागतो? एकाच घरात अडत असेल तर ते घर फुगलंय किंवा खरबरीत झालंय. स्पेशलच्या दाबाला प्रायमर चपटा झाला किंवा ठशाभोवती कड उठली, तर थांबा आणि बंदूक-कारागिराकडे न्या. ही सहा कवचं मी डबीत घालून हत्याराच्या कागदांसोबत ठेवतो. पाच वर्षांनी पुन्हा तपासणी केली की त्यांच्याशी ताडता येतं.

चाप ओढला आणि नुसतं ‘टिक’ झालं, तर तोंड लक्ष्याकडे धरून अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. आवाज नेहमीपेक्षा बारीक, धक्का जवळजवळ नाही, असं झालं तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा बार काढायचाच नाही. हत्यार रिकामं करून नळीतून उजेड दिसतो का ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्पेशलने सगळं सुरळीत गेलं तर मॅग्नमचा एक फेरा करायला हरकत नाही. त्याआधी घरं साफ करा, कारण आखूड कवचाच्या पुढे काजळीचं कडं साचतं आणि लांब कवच त्यात अडकतं. मूठ घट्ट आवळू नका. ही जुन्या काउबॉय पद्धतीची मूठ धक्का बसला की तळव्यात वर फिरते, आणि ती फिरायलाच बनवली आहे. अडवायला गेलात तर मनगट दुखतं आणि दुसऱ्या बारापासून माणूस दचकायला लागतो. पाच बार झाले की दोन गोष्टी बघा. पहिली, नळीखालच्या कवच काढायच्या दांड्याच्या नळकांड्याचा छोटा स्क्रू. मॅग्नमच्या धक्क्याने तो सैल होतो, नळकांडं उडून हरवतं, आणि मूळ नळकांडं पुन्हा मिळवणं सोपं नाही. दुसरी, सिलिंडरचा मधला दांडा पुढे सरकलाय का. आणि एक प्रयोग करा: चार झाडा, पाचवं काडतूस न झाडता काढून कॅलिपरने मोजा, भरण्याआधीची लांबी लिहिलेली असूद्या. धक्क्याने गोळी कवचातून पुढे सरकली असेल तर ती काडतुसं या हत्याराला चालत नाहीत. जास्त सरकली तर गोळीचं टोक सिलिंडरबाहेर येऊन फिरणंच बंद होतं, आणि शिकारीत ते नको त्या क्षणी होतं.

झाल्यावर सफाई लगेच. नळकांडं आणि मुठीची चौकट ॲल्युमिनियमची आहेत, त्यावर तीव्र क्षारी द्रावण किंवा अल्ट्रासॉनिक टाकी वापरू नका, काळा थर जातो. चौकटीच्या वरच्या पट्टीवरचा करपलेला डाग खरवडू नका, तो तसाच राहू द्या. कातडी म्यानात ठेवून विसरू नका. कातड्यातला ओलावा आणि कमावण्याची रसायनं मुलाम्याला महिन्याभरात ठिपके पाडतात. हलकं तेल, सुकं कापड, कुलपातलं कपाट, काडतुसं वेगळ्या जागी.

शिकारीला न्यायचा विचार असेल तर राज्याचा नियम आधी वाचा. हातबंदुकीने हरीण मारायला काही राज्यांत किमान नळीची लांबी, किमान कॅलिबर किंवा गोळीच्या ऊर्जेची अट आहे; .४४ मॅग्नम आणि दहा इंच यात सहसा अडचण येत नाही. अंतराची मर्यादा काडतूस ठरवत नाही, तुमचा हात ठरवतो. आठ इंची कागदी ताटली लावा, पाठ न टेकता बसून पाच बार काढा. ज्या अंतरापर्यंत पाचही ताटलीत जातात, तेवढंच तुमचं अंतर. बहुतेकांचं ते उघड्या खाचेने पन्नास यार्डांच्या आसपास संपतं. फ्लॅटटॉपवर दुर्बीण बसवायला चौकटीत भोकं पाडू नका; दुर्बीण हवीच असेल तर त्यासाठी नवा सुपर ब्लॅकहॉक घ्या, तो याहून स्वस्तही पडेल आणि मजबूतही आहे.

तेव्हा आत्ता विकणाऱ्याकडे चार फोटो मागा: मोजपट्टी लावलेली नळी, तोंडाचा जवळून फोटो, मुठीच्या पट्ट्या काढून आतली बाजू, आणि घोडा मागे असताना चौकटीची खाच. चारही आले आणि सिरीयल नंबर मिळाला, की कंपनीला पत्रासाठी लिहा. पत्र आल्यावर पैशांचं बोलू.